रामशास्त्रींचा निवाडा आणि कोपरगावचा वाडा

(आमच्या प्रतिनिधीकडून)

नगर जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरीच्या काठी वसलेले कोपरगाव आज साखर कारखान्यांचे आणि शिर्डीला जाणाऱ्या भाविकांच्या वाटेवरचे गाव म्हणून ओळखले जाते. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी गोदाकाठच्या जुन्या मंडळींच्या तोंडी या गावाची आणखी एक ओळख अजून टिकून आहे. हे राघोबादादांचे कोपरगाव. अटकेपर्यंत मराठी फौजा नेणाऱ्या मोहिमेचे नायक, थोरल्या बाजीरावांचे पुत्र आणि काही महिन्यांचे पेशवे रघुनाथराव यांनी ११ डिसेंबर १७८३ रोजी येथेच अखेरचा श्वास घेतला. त्यांचे वय तेव्हा अवघे ४९ वर्षांचे होते.

रघुनाथराव कोपरगावी निवर्तले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक निवाडा गेली दहा वर्षे टांगलेला होता. पुतण्याच्या खुनास तेच जबाबदार आहेत आणि त्यास देहांताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा तो निवाडा होता. त्याची अंमलबजावणी कधीच झाली नाही. निवाडा देणारे न्यायाधीश मात्र त्या वेळी हयात होते, पुण्यात आपल्या आसनावर होते आणि रोज लोकांचे दावे ऐकत होते. त्यांचे नाव रामशास्त्री प्रभुणे.

अंमलात न आलेल्या या निवाड्यामुळे रामशास्त्रींचे नाव अडीचशे वर्षे टिकले. सत्ताधीशापुढे न वाकणारा न्यायाधीश म्हटले की मराठी माणसाला आजही दुसरे नाव सुचत नाही. परंतु या एका प्रसंगाच्या तेजात त्यांचे बाकीचे आयुष्य झाकोळून गेले आहे. मराठी राज्याचे सर्वोच्च न्यायासन त्यांनी कसे चालवले, तेथवर कोणते दावे पोचत आणि ते कसे तडीस जात, हे पाहिल्याशिवाय १७७३ च्या निवाड्याचे मोलही पुरते कळत नाही.

माहुली ते काशी, काशी ते पुणे

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. राम विश्वनाथ प्रभुणे यांचे हे मूळ गाव. अठराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी विद्येची गोडी लागलेल्या पंडिताची ही कहाणी नव्हे. विशीच्या आसपास येईपर्यंत त्यांचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते, आणि साताऱ्यात अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी ते शागिर्द म्हणून पडेल ते काम करीत होते.

या काळातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. पाहुण्याच्या पायावर पाणी घालताना या पोराचे लक्ष त्याच्या कानातील मोत्यांच्या भिकबाळीवर खिळले आणि पाणी भलतीकडे पडू लागले. तेव्हा धन्याने असे दागिने विद्येने मिळतात, पाणक्याला नव्हे, अशा अर्थाचा टोमणा मारला. तो मनाला लागून तरुण रामाने काशीची वाट धरली. आख्यायिकेतील तपशील कसाही असो, वयाने वाढलेला विद्यार्थी म्हणून त्यांनी काशीत अध्ययन केले आणि ते धर्मशास्त्राचे जाणते होऊन परतले, यात शंका नाही. त्यांचे गुरू म्हणून बाळंभट्ट पायगुंडे यांचे नाव सांगितले जाते. याज्ञवल्क्य स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका त्या काळी दायभाग, दत्तक आणि वाटण्या यांच्या दाव्यांत प्रमाण मानली जाई, आणि या परंपरेत पायगुंडे यांचा अधिकार मोठा होता.

१७५१ मध्ये रामशास्त्री पुण्यात पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत त्यांच्याकडे न्यायाधीशपद आले. पुढच्या दोनच वर्षांत पानिपत झाले, नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. रामशास्त्रींच्या न्यायासनाला खरा आधार मिळाला तो या तरुण पेशव्यांच्या काळात.

पुण्यापर्यंत पोचणारे दावे

पेशवाईत आजच्यासारखी दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांची उतरंड नव्हती. कायद्याचे छापील पुस्तक नव्हते. स्मृती आणि त्यांवरील टीका, गावाचा व जातीचा रिवाज, घराण्याचा कुळाचार आणि जुने कागद एवढ्यावर निवाडा चाले. तक्रारदार प्रथम गावच्या पाटलाकडे जाई. पाटील दोघांना समजावून पाही. तेवढ्याने भागले नाही तर पंचायत बसे. पाटलाने दाद दिली नाही तर मामलेदार, त्याच्यावर सरसुभेदार आणि सर्वांत शेवटी पुण्याचे हुजूर. हुजूर म्हणजे खुद्द पेशवे आणि त्यांच्या वतीने न्यायाधीश.

कोणालाही पुण्याला येऊन गाऱ्हाणे घालता येत असे. पण आलेला प्रत्येक दावा तेथे ऐकला जात असे असे मात्र नाही. बहुतेक तक्रारी खाली पाठवल्या जात. ज्या मुलखातला दावा, त्याच मुलखातील जाणत्यांनी तो ऐकावा, कारण शेताची शीव आणि पाटीलकीचा मान कोणाचा हे पुण्याच्या शास्त्र्यापेक्षा शेजारच्या गावकऱ्याला जास्त ठाऊक, असा त्यामागचा विचार होता. एकदा पंचायतीने दोन्ही बाजू ऐकून निवाडा दिला की तो पुन्हा उकरून काढायचा नाही, हाही दंडक होता. पंचांनी लाच खाल्ली, पक्षपात केला किंवा अन्याय उघड दिसत आहे, अशी तक्रार असेल तरच वरचे आसन त्यात हात घाली.

स्थानिक लोक प्रतिपक्षाच्या दडपणाखाली आहेत असे वाटले तर वादीला थळ बदलून मागता येत असे. थळ म्हणजे वाद ऐकण्याचे ठिकाण. मग दावा तिसऱ्याच गावी, कधी एखाद्या क्षेत्राच्या ब्रह्मसभेपुढे, कधी दूरच्या पंचायतीपुढे पाठवला जाई. पैठण हे असे एक मान्यवर थळ होते. हुजुरातून अशी पत्रे लिहून दावा कोठे चालावा हे ठरवणे, हे न्यायाधीशांच्या कामाचे मोठे अंग होते. पुण्याच्या पटलावर मुख्यतः राहत ते मोठ्या वतनांचे, दत्तकाचे, सरदार घराण्यांच्या वाटण्यांचे आणि खालच्या निवाड्यात खोट दिसत असलेले दावे.

निवाडा कसा होत असे

दावा उभा राहिला की पहिले काम म्हणजे दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेणे. या शब्दाचा आजचा अर्थ येथे लागू नाही. पंच जो निवाडा देतील तो आम्हांस मान्य आहे, अशी राजीखुशीची ही कबुली होती. तिला जोडून जामीनकतबा, म्हणजे निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दल जामीन. निकाल लागण्यापूर्वीच त्याच्या पालनाची हमी घेण्याची ही रीत होती, कारण निकालानंतर तो बजावायला सरकारकडे माणसे थोडी असत.

त्यानंतर वादी व प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे वादाची सुरुवातीपासूनची हकिकत. पंच प्रश्न विचारीत, जुनी पत्रे व महजर तपासले जात, साक्षी होत. साक्षीदाराला नदीच्या पाण्याची किंवा देवाची शपथ असे. कागद आणि साक्षी दोन्ही निरुत्तर झाले तर दिव्य करण्याची वेळ येई, आणि उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात भाजला की नाही यावर खऱ्याखोट्याचा निर्णय लागे. दिव्याची ही प्रथा रामशास्त्रींच्या काळातही मोडली नव्हती. मराठी न्यायपद्धतीचे गोडवे गाताना हेही विसरता कामा नये. त्याचप्रमाणे जात पाहून शिक्षा ठरवणाऱ्या चौकटीतच हे न्यायासन चालत होते आणि रामशास्त्री त्या चौकटीचेच पंडित होते.

अखेरीस पंच सारांश तयार करीत. वादाचा मुद्दा, पुरावा आणि निर्णय असा हा मसुदा न्यायाधीशांमार्फत पेशव्यांच्या मान्यतेला जाई आणि मग जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. हरणाऱ्याने येजितखत लिहून आपला दावा खोटा ठरल्याचे मान्य करायचे. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. दोघांकडून सरकारच्या तिजोरीत भर पडत असल्याने न्याय हे उत्पन्नाचे साधन होण्याचा धोका या पद्धतीत होताच. तेथे बसणारा माणूस कसा आहे, यावर सारे अवलंबून होते.

रामशास्त्रींच्या आधिपत्याखाली झालेले पंचायतींचे निवाडे पुढे दाखले म्हणून मानले गेले, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नमूद केले आहे. डफचा इतिहास प्रसिद्ध झाला १८२६ मध्ये, म्हणजे रामशास्त्री जाऊन छत्तीस-सदतीस वर्षे लोटली होती आणि पेशवाईही बुडाली होती. ज्यांच्याकडून काही मिळण्याची आशा उरलेली नव्हती अशा माणसाबद्दल लोक इतक्या वर्षांनंतरही आदराने बोलत होते, ही गोष्ट बोलकी आहे.

पदाचा मान, घरची साधी राहणी

त्या दिवसाला पुरेल एवढ्याहून अधिक शिधा घरात ठेवायचा नाही, असा रामशास्त्रींचा नेम होता असे सांगतात. त्यांच्या पत्नीला शनिवारवाड्यात अंगभर दागिने घालून पालखीतून परत पाठवले, तेव्हा ही बाई आपल्या घरची नव्हे म्हणून त्यांनी पालखी दारातूनच परतवली, ही कथा तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते.

दुसरी आख्यायिका दक्षिणेची आहे. श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. तेथे रामशास्त्रींचे बंधू आले असता नाना फडणविसांनी त्यांना इतरांपेक्षा बरीच जास्त रक्कम देण्याचे सुचवले. रामशास्त्रींनी ते नाकारले. विद्येच्या मानाने त्यांचा अधिकार सामान्य ब्राह्मणाएवढाच आहे, तेव्हा सरकारातून त्यांना तेवढेच मिळावे, भाऊ म्हणून जे द्यायचे ते आपण घरातून देऊ, असे त्यांचे म्हणणे होते. गोष्टीतील रक्कम लहान असली तरी तिच्यातील भेद मोठा आहे. पद वेगळे आणि घर वेगळे ही जाणीव त्या काळच्या दरबारात अतिशय दुर्मिळ होती. मामलती आणि वतने घराण्यांतून वाहत होती आणि नातलगाची सोय लावणे हा दोष नव्हे तर कर्तव्य मानले जात होते.

माधवराव पेशव्यांशी त्यांचा झालेला प्रसंग याच जातीचा आहे. तरुण पेशव्यांना काही काळ जपजाप्याचे वेड लागले होते. कामासाठी आलेल्या रामशास्त्रींना ते मौन धरून बसलेले आढळले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची रजा मागितली. राज्य करायचे तर प्रजेचे काम आधी, आणि जपतप करायचे तर राज्य सोडून दोघांनीही गंगेकाठी जाऊन बसावे, हा त्यांचा आशय होता. माधवरावांनी चूक कबूल केली आणि तो नाद सोडला. आपल्याला सुनावणाऱ्या न्यायाधीशाला जवळ ठेवणारा धनी त्यांना लाभला होता, हे रामशास्त्रींचे भाग्य. ते १८ नोव्हेंबर १७७२ पर्यंतच टिकले. त्या दिवशी थेऊर येथे माधवराव गेले.

३० ऑगस्ट १७७३

माधवरावांनंतर त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. गादीवर डोळा ठेवून असलेले चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी पगाराच्या बाकीचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि तेथेच त्यांना ठार मारण्यात आले. काही दिवसांतच रघुनाथराव राज्याचे धनी म्हणून वावरू लागले.

आता प्रश्न होता तो असा की हा खटला चालवायचा कोणी आणि कोणाच्या तक्रारीवरून? ज्यांच्यावर संशय तेच राज्याचे प्रमुख. मृताची पत्नी गंगाबाई गरोदर आणि वाड्यातच अडकलेली. कारभारी घाबरलेले, काही आतून सामील. गाऱ्हाणे घालायला कोणी पुढे आले नाही. हुजूरचे न्यायासन चाले ते पेशव्यांच्या नावाने, आणि पेशव्यांच्या मान्यतेशिवाय कोणताही सारांश निवाडपत्र होत नसे. रीतीप्रमाणे पाहिले तर हा दावा त्या आसनापुढे येऊच शकत नव्हता.

रामशास्त्रींनी तो आपणहून हाती घेतला. राज्यातील खुनाचा छडा लावणे हे न्यायाधीशाचे काम आहे आणि त्यासाठी कोणी वादी व्हावा लागत नाही, अशी त्यांची भूमिका त्यांच्या कृतीतून दिसते. सुमारे सहा आठवडे त्यांनी चौकशी केली. गारद्यांचे जमादार सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ आणि खिजमतगार तुळाजी पवार यांच्यापर्यंत ती पोचली. कटात गुंतलेल्यांची संख्या इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ४९ अशी दिली आहे, आणि त्यांत गारद्यांपेक्षा इतरांचाच भरणा अधिक होता. खून हा पगारासाठी चवताळलेल्या शिपायांचा दंगा नव्हता, हे यावरून उघड झाले.

धरावे या शब्दातील ध चा मा करून आनंदीबाईंनी मारावे असा हुकूम बनवला, ही हकिकत बखरींतून मराठी भाषेत कायमची रुजली आहे. तिच्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि आनंदीबाईंवर सारा दोष लोटण्यात रघुनाथरावांना झुकते माप मिळते, हाही आक्षेप आहे. रामशास्त्रींच्या निर्णयाला मात्र या शब्दच्छलाने फरक पडत नव्हता. नारायणरावांना धरण्याच्या कटाला रघुनाथरावांची संमती होती, कट त्यांच्यासाठी झाला आणि त्याचे फळ त्यांनी घेतले. तेव्हा जबाबदारीही त्यांचीच.

रघुनाथरावांनी आपला अपराध धुऊन काढण्यासाठी प्रायश्चित्त विचारले. शास्त्र्याने एखादे कृच्छ्र, दान किंवा तीर्थयात्रा सांगावी आणि प्रकरण मिटावे, ही त्यांची अपेक्षा असावी. धर्मशास्त्राच्या पोथीत अशा वाटा शोधणाऱ्याला सापडत होत्याही. रामशास्त्रींनी त्या काढून दिल्या नाहीत. या पातकास देहांत हेच प्रायश्चित्त, असे त्यांनी तोंडावर सांगितले. या माणसाच्या हाती राज्य असेपर्यंत आपण कारभारात राहणार नाही व पुण्यात पाऊल टाकणार नाही, असे जाहीर करून ते वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले.

पांडववाडीची वाट

न्यायाधीशाने निकाल द्यायचा आणि तो बजावायचा सरकारने, ही कोणत्याही राज्यातली रीत. येथे सरकारच आरोपी होते. रामशास्त्रींकडे फौज नव्हती, बेलिफ नव्हता, आणि राजीनामा व जामीनकतबा तर रघुनाथरावांनी लिहून दिलेला नव्हता. त्यांच्या हाती एकच गोष्ट होती. आपले पद त्या राज्याला वापरू न देणे. ती त्यांनी काढून घेतली.

याचा परिणाम काहीच झाला नाही असे मात्र नाही. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी मंडळींनी बारभाईंची मसलत उभी केली, तिला लोकांच्या मनात जे नैतिक बळ मिळाले त्यामागे रामशास्त्रींच्या निर्णयाचा वाटा मोठा होता. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांच्या नावाने पेशवाईची वस्त्रे घेण्यात आली. रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. हल्लेखोरांपैकी काही जण पुढे बारभाईंच्या हाती लागले व त्यांना देहदंड झाला.

बारभाईंच्या राज्यात रामशास्त्री सन्मानाने परत आले. त्यांच्या न्यायासनापुढचा आणखी एक गाजलेला वाद तोतयाचा होता. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असा दावा सुखलाल नावाच्या कनोजी ब्राह्मणाने केला होता. माधवरावांच्या काळात झालेल्या त्याच्या चौकशीत रामशास्त्री होते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पती जिवंत असल्याच्या आशेवर जगत होत्या आणि हजारो लोकांना ही बातमी खरी असावी असे वाटत होते. तरीही पुराव्याने तोतया खोटा ठरला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड माजवले, तेव्हा पुन्हा चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. लोकभावना एका बाजूला आणि पुरावा दुसऱ्या बाजूला असताना न्यायाधीशाने कोठे उभे राहावे, याचा तो दाखला होता.

कोपरगावचे अखेरचे दिवस

इंग्रज-मराठे युद्ध संपवणारा सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. त्यांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक ठरली आणि राहण्याचे ठिकाण निवडण्याची मुभा मिळाली. त्यांनी गोदाकाठचे कोपरगाव निवडले. पत्नी आनंदीबाई आणि आठ वर्षांचा मुलगा बाजीराव त्यांच्याबरोबर होता.

थोडक्यात, १७७३ च्या निवाड्याचा शेवट राजकीय तडजोडीत झाला. दोषी ठरलेल्या व्यक्तीला तहाच्या कलमाने उत्पन्न व संरक्षण मिळाले. बारभाईंनाही राज्य टिकवायचे होते आणि पेशव्यांच्या घराण्यातील पुरुषाचा वध करण्याचे धाडस कोणातच नव्हते. कोपरगावचा हा वास सुखाचा झाला नाही. काही महिन्यांतच रघुनाथरावांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूनंतर चिमाजी अप्पा या मुलाचा जन्म झाला. आनंदीबाई व मुले पुढेही पुणे दरबाराच्या पहाऱ्यात राहिली. बापाच्या अपराधापायी नजरकैदेत वाढणाऱ्या या मुलांवर अन्याय झाला असे कोणी म्हटले, तर ते खोडून काढणे कठीण आहे. रामशास्त्रींच्या निवाड्यात त्यांचा उल्लेख नव्हता. ती शिक्षा राजकारणाने दिली.

रामशास्त्री आपल्या कामावर शेवटपर्यंत होते. २५ ऑक्टोबर १७८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

न्यायाधीश गेल्यानंतर

त्यानंतरची हकिकत नगर जिल्ह्याच्याच भूमीवर वाचता येते. सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूनंतर १७९६ च्या अखेरीस कोपरगावी वाढलेले बाजीराव पेशवे झाले. वर्षभरातच, १७९७ च्या शेवटच्या दिवशी, दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नाना फडणविसांना दग्याने पकडले आणि त्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. राज्याच्या सर्वांत ज्येष्ठ कारभाऱ्यावर आरोप कोणता, तो कोणापुढे ठेवला, त्यांचे म्हणणे कोणी ऐकले, यातले काही घडलेच नाही. नानांची सुटका झाली ती पैशाच्या बोलीवर.

दुसरी खूण संगमनेरजवळच्या निमगाव जाळीची. तेथील त्रिंबकजी डेंगळे हे दुसऱ्या बाजीरावांचे अत्यंत विश्वासू कारभारी झाले. जुलै १८१५ मध्ये बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात देवदर्शनाहून परतताना खून झाला. संशय त्रिंबकजींवर होता आणि पेशव्यांपर्यंत जात होता. ४२ वर्षांपूर्वीसारखाच हा प्रसंग होता. या वेळी मात्र पुण्याच्या न्यायासनावरून कोणी उठून प्रश्न विचारला नाही. तो विचारला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने. चौकशी त्याने केली, आरोपीची मागणी त्याने केली आणि त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलेही इंग्रजांनीच. तीन वर्षांत पेशवाई संपली. एका खुनामुळे राज्य बुडाले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु आपल्या घरच्या गुन्ह्याची चौकशी जे राज्य स्वतः करीत नाही, तेथे ती करण्याचे निमित्त परक्याला मिळते, एवढे यातून निश्चित दिसते.

याच एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला. पंचायतींचे गुणदोष त्याने बारकाईने मांडले आणि नाना फडणविसांच्या व रामशास्त्रींच्या काळच्या न्यायाची जी आठवण लोकांत होती, तिचीही दखल घेतली. रामशास्त्रींनंतर त्या पदावर माणसे आली. पदाचा धाक मात्र आला नाही, कारण तो पदात कधी नव्हताच.

आजचे न्यायालय आणि रामशास्त्री

२८ जानेवारी १९५० रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. राज्यघटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाने कोणत्याही न्यायालयाच्या निकालाविरुद्ध खास परवानगीने अपील ऐकण्याचा अधिकार त्याला दिला आहे. परवानगी द्यायची की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर आहे, आणि बहुसंख्य अर्ज तेथेच फेटाळले जातात. खालचा निवाडा सहजासहजी उकरायचा नाही, उघड अन्याय दिसला तरच हात घालायचा, हे हुजुरातले जुने सूत्र येथे वेगळ्या शब्दांत भेटते. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायाधीशांनी बसून तो ठरवावा, असाही दंडक आहे. मूलभूत हक्कांसाठी ३२ व्या अनुच्छेदाखाली थेट दाद मागता येते, आणि १९८० च्या दशकापासून साध्या पत्रालाही याचिका मानण्याची किंवा न्यायालयाने आपणहून दखल घेण्याची प्रथा रुळली आहे. वादी नसलेला दावा आपणहून हाती घेणाऱ्या रामशास्त्रींना ही कल्पना परकी वाटली नसती.

फरक आहे तो पाठबळाचा. आजच्या न्यायाधीशाला सरकारच्या मर्जीने घालवता येत नाही. देशातील सर्व अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य केले पाहिजे, असे घटनेचा १४४ वा अनुच्छेद सांगतो. रामशास्त्रींपाशी यातले काही नव्हते. त्यांची नेमणूक पेशव्यांच्या इच्छेवर होती आणि निवाडा सहीसाठी पेशव्यांकडेच जात होता. म्हणूनच त्यांनी जे केले ते एका माणसाचे धैर्य ठरले, संस्थेची रीत होऊ शकली नाही. आजच्या न्यायाधीशाकडून तेवढ्या धैर्याची अपेक्षा करताना त्याला पांडववाडीला जावे लागू नये, यासाठीच घटनेने ही तटबंदी उभी केली आहे. तटबंदीच्या आत बसणाऱ्यालाही निवाडा मात्र स्वतःच द्यावा लागतो.

प्रभातने १९४४ मध्ये रामशास्त्री हा चित्रपट काढला आणि गजानन जागीरदारांच्या रूपाने न्यायाधीशाची ती करारी मूर्ती घराघरात पोचली. साताऱ्याजवळ माहुली आहे, पुण्यात शनिवारवाडा आहे. या कथेचा शेवट ज्याला पाहायचा असेल त्याने मात्र कोपरगावला यावे. ज्याला देहांत सांगितला गेला, तो माणूस येथे गोदावरीच्या काठी सरकारी नेमणुकीवर राहिला आणि अंथरुणावर मेला. तरीही त्याचे नाव निघाले की लोक पहिल्याने तो निवाडाच आठवतात.